सैल राहणारं पातं

आमच्या किबुये बाजारात, लोहार-सुतारांच्या पत्र्याच्या शेडांत, माणसाची अब्रू दोनच गोष्टींनी जाते. एक, बायकोने भर बाजारात नाव घेऊन झापलं तर. दुसरी, त्याने बनवलेल्या वस्तूचा नट सैल निघाला तर. पहिली लोक विसरतात. सैल नट दिसला की इथे कुणीही येता-जाता, मालकाला न विचारता, पाना लावून तो आवळून टाकतो. त्याला आम्ही शेजारधर्म म्हणतो.

आणि माझ्या भाचीने, आपोंदीने, काढलं काय? तर सैल राहणारं पातं.

तिचा बाप ओडेरा, म्हणजे माझ्या बहिणीचा नवरा, टेकडीवरच्या मुलींच्या शाळेत मैदानाचं गवत ढकलायच्या यंत्राने कापायचा. टेकडी कसली, दगडांचं शेत ते. आज एक दगड उचलावा तर उद्या शेजारी दुसरा डोकं काढतो. गेल्या वर्षी यंत्राचं पातं अशाच एका दगडावर आपटून तुटलं आणि तुकडा ओडेराच्या नडगीत घुसला. पाय बरा झाला, माणूस काही झाला नाही. उन्हं वर आली तरी तो अंथरुणातच. मग निवलेली पेज प्यायची आणि आंब्याखाली बसून राहायचं. बहीण त्यावर चकार शब्द काढायची नाही, तेच मला बघवत नसे. शाळेने निरोप धाडला की सुट्टी संपायच्या आत आला तर त्याचं काम त्याला, नाहीतर दुसरा माणूस ठेवतो. ओडेरा म्हणाला, ठेवू दे.

त्याच आठवड्यात आपोंदी माझ्या शेडमध्ये आली ती मोडक्या मटाटूच्या, म्हणजे प्रवासी गाडीच्या, स्प्रिंगचा पाटा खांद्यावर घेऊनच.

मी म्हटलं, या पाट्याचं लांब पातं बनव, चांगलं कडक पाणी दे, दगडाचाच भुगा होईल. तिने तसं एक बनवलं आणि माझ्यासमोर ऐरणीवर आपटलं. काचेसारखे दोन तुकडे झाले. मग माझ्याकडे बघितलं असं की मी चहा सांगायला उठलो.

तिचं म्हणणं वेगळंच होतं. मधली पट्टी जाड ठेवायची, ती कापणार नाही, नुसती फिरेल. दोन्ही टोकांना वीतभराची छोटी पाती, एकेका बोल्टवर लोंबती. पट्टी जोरात फिरली की ती आपोआप ताठ होणार, दगड लागला की मागे वळणार, तो गेला की पुन्हा जागेवर. झिजली तर तेवढीच दोन बदलायची.

"मामा, बाजारात तुला कुणाचा धक्का लागला तर तू काय करतोस?"

"शिव्या देतो."

"त्याच्या आधी. खांदा मागे घेतोस ना? पात्यानेही तेवढंच करायचं."

पोरीने बोलून गप्प करावं आणि वर आपल्याला अभिमान वाटावा, अशी माझी गत.

पण त्या बोल्टने वैताग आणला. ती पातं सैल ठेवायची, की चहा घ्यायला आलेला शेजारचा सुतार ते आवळून जायचा. एकदा तर पाववाल्यानेही आवळलं. मी त्याला पाना फेकून मारणार होतो.

नवं पातं बसवून यंत्र आदल्या संध्याकाळीच शाळेत नेऊन ठेवलं होतं; चाचणीच्या दिवशी ओडेरा आला. बहिणीने त्याला कसं उठवलं ते तिलाच ठाऊक. आम्ही पोचलो तेव्हा तो यंत्राजवळ आधीच उभा होता, घामेजलेला. दांडा धरला, यंत्र चालू केलं, गोलपोस्टपासून निघाला. दहा-बारा पावलं गेला असेल. खाडकन आवाज झाला, यंत्राला हिसका बसला आणि ते बंद पडलं. काही उडालं नाही, कुणाला लागलं नाही. पण ओडेराचा चेहरा राखेसारखा झाला. दांडा सोडून तो फाटकाकडे चालू लागला, मागे न बघता.

आपोंदीने यंत्र आडवं केलं. दोन्ही बोल्ट असे आवळलेले, की पाती जागची हलेनात.

मी ओरडलो, कुणी केलं हे? ओडेरा थांबला.

"मी केलं," तो म्हणाला. "सकाळी लवकर येऊन बघितलं तर दोन्ही सैल. शाळेची माणसं बघणार. माझ्या पोरीच्या कामात नट सैल निघाला असं लोकांनी म्हणावं?"

माझ्या जिभेवर आलेलं मी गिळलं. घरच्या जावयाला तोंडावर वेडा म्हणायची आमच्यात रीत नाही. आणि खरं सांगायचं तर रागही राहिला नव्हता. एवढी भीती असताना हा माणूस पहाटे एकटा टेकडी चढला होता, लेकीची अब्रू आवळायला.

आपोंदी रडेल असं मला वाटलं. ती बोल्टकडेच बघत बसली होती.

"बाबांचं काही चुकलं नाही," ती म्हणाली. "आपल्याकडे कुणीही आवळणारच. मग आवळूनही सैल राहायला हवं."

शेडमध्ये येऊन तिने पोलादी नळीचे दोन तुकडे कापले. उंची पात्याच्या जाडीपेक्षा केसभर जास्त. पात्याचं भोक मोठं केलं, त्यात नळी बसवली, नळीतून बोल्ट घातला. आता नट कितीही आवळा, जोर सगळा नळीवर जातो आणि पातं तिच्याभोवती मोकळं फिरतं. एवढीशी गोष्ट, पण आमच्या अख्ख्या रांगेत कुणाला सुचली नव्हती. मला तर नाहीच नाही.

दुसऱ्या दिवशी तिने यंत्र आंब्याखाली नेलं आणि बापाच्या हातात पाना दिला.

"आवळा, बाबा. तुमचं समाधान होईपर्यंत."

ओडेराने आवळला. मग उभं राहून, सगळं वजन टाकून पुन्हा आवळला. पाना पुढे सरकेना. मग त्याने बोटाने पातं ढकललं. ते मागे गेलं. पुन्हा ढकललं, पुन्हा गेलं. लहान मुलासारखा तो कितीतरी वेळ तेच करत बसला. बहीण दारातून बघत होती, तिने मनगटाने डोळे पुसले.

"चला," तो म्हणाला.

टेकडीवर तो गोलपोस्टपासूनच निघाला. खट्ट झालं. त्याचे खांदे वर उचलले गेले, पण यंत्र चालूच होतं आणि त्याने दांडा सोडला नव्हता. पुन्हा खट्ट झालं. या वेळी खांदे हललेसुद्धा नाहीत. अर्धं मैदान झालं आणि अंधार पडू लागला तेव्हा कुठे तो थांबला. सगळ्या अंगावर गवत चिकटलेलं.

पाना काही त्याने परत दिला नाही. खिशात टाकला आणि आपोंदीला म्हणाला, "उरलेलं उद्या. आईला सांग, सकाळी पेज लवकर लाव. मला ती गरमच लागते."