दादाचा हुंकार आणि एक जास्तीची तार

आता जे सांगतो त्यावर तुमचा विश्वास बसायचा नाही. माझ्या थापांवर आजवर बसला, यावर नाही बसणार. वहिनी ही इथंच मटार सोलत बसलीय, तिला विचारा. मेलेला माझा थोरला भाऊ तीन आठवडे तिच्याशी बोलत होता.

म्हणजे, शेजारीपाजारी तसं म्हणत होते. दादा गेल्यावर त्याचा रेकॉर्ड प्लेअर पहिल्यांदा लावला, तर गाण्याआधीच स्पीकरमधून 'घूंऽऽ'. दादा विचारात पडला की अस्साच हुंकार भरायचा. दोन दिवसांत बाहेरच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. वहिनीनं जेवण टाकलं आणि स्पीकरला कान लावून बसली.

मग उगवला हातगुण्या बाबा. हे नाव लोकांनी दिलेलं. मी दिलं असतं ते छापता आलं नसतं. डोळे मिटून त्यानं एक हात प्लेअरच्या धातूच्या पट्टीवर ठेवला, दुसरा ॲम्प्लिफायरच्या पेटीवर. हुंकार दबला. हात उचलले, पुन्हा घूंऽऽ. माणसं हमसून हमसून रडायला लागली.

"आत्मा गाण्यांत गुंतलाय, माई," बाबा म्हणाला. "सगळ्या रेकॉर्डी मठात आल्या की मोकळा होईल. तोवर कुणी यंत्राला हात लावू नका, बिथरेल."

दोनशे रेकॉर्डी. प्रत्येकीच्या कव्हरवर दादाच्या अक्षरात तारीख, ती वहिनीला पहिल्यांदा ऐकवली त्या दिवसाची. नवरा तळमळतोय या भीतीनं ती बाई स्वतःच्या हातांनी त्या खोक्यांत भरू लागली. आजही आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. हा भामटा तिच्याच हातून तिचा नवरा दुसऱ्यांदा घराबाहेर काढत होता!

दादाची सून लिफ्टच्या कारखान्यात वायरिंग करते. हे तीन आठवडे ती कामासाठी परगावी होती, टेम्पो दारात आला त्याच दिवशी परतली. तिनं माझा एक हात पट्टीवर ठेवला, दुसरा पेटीवर. हुंकार दबला. "काकाही सिद्धपुरुष झाले," ती म्हणाली. मग इस्त्रीवाला सिद्ध झाला, मग टेम्पोवाला. बाबा म्हणे, माझीच शक्ती तुमच्यात उतरलीय.

सून टेबलामागे वाकली. प्लेअरखाली गुंडाळून चिकटवलेली एक बारीक तार तिनं ओढून काढली. टोकाला पिन नाही, नुसता पत्र्याचा चिमटा. ही अर्थिंगची तार. ती सुटली की विजेची घरघर गाण्यात शिरते. दोन्हीकडे हात ठेवणाऱ्याचं अंग थोडंफार त्या तारेचं काम करतं. तिनं चिमटा ॲम्प्लिफायरच्या मागच्या स्क्रूखाली आवळला. खोली चिडीचूप.

"गेले?" वहिनीनं विचारलं.

"त्या आवाजात ते नव्हतेच, आई." सुनेनं एक खोकं उघडून रेकॉर्ड तिच्या मांडीवर ठेवली. मग बाबाकडे वळली, "मठातल्या लाउडस्पीकरच्या तारा तुम्हीच जोडता ना? ही बरी दिसली नाही?" बाबाला तातडीचं काम आठवलं.

म्हणून सांगतो, यंत्र घुमलं तर आधी मागं वाकून बघा, नाहीतर जाणत्याला बोलवा. दुःखाच्या घरी चमत्कार घेऊन येणाऱ्याला विचारा, हेच दुसऱ्यानं केलं तर काय होतं? तो 'हात लावू नका' म्हणाला, तर 'का' ते विचारा.

आणि खरा राग येतो त्या रंगाऱ्याचा. भिंत रंगवायला सेट हलवला, परत लावताना ही तार कुठल्याच भोकात बसेना, तर जास्तीची समजून शहाण्यानं गुंडाळून चिकटवली!

वहिनीनं हातातली शेंग खाली ठेवली.

"भाऊजी, भिंतीला रंग कधी दिला आपण? सेट तुम्ही हलवला होतात."