उजव्या नखांची कात्री

आमच्या बाबांनी जन्मभर लोकांचे केस, कान, नखं नीटनेटकी करायची हत्यारं बनवली. चिमटे, फण्या, कानकोरणी. प्रत्येक शोधाचा पहिला बळी घरातलाच. नाकातले केस कापायचं यंत्र आजोबांच्या नाकात अडकलं, तेव्हा बाबा म्हणाले होते, "हलू नका, सुधारणा सुचतेय!"

मग त्यांनी नखांची कात्री काढली. पेटीभर. ती खपली नाही तर कारखाना, म्हणजे आमची मागची खोली, बंद करून त्यांना मामाच्या कचेरीत कारकून व्हावं लागणार होतं. मामाने खुर्ची पुसूनसुद्धा ठेवली होती.

घाऊक व्यापारी आला. डाव्या हाताचं नख त्याने कात्रीत धरून दाबलं. नख नुसतं वाकलं.

"कारखानदार, कात्री आहे की चिमटा?"

"काहीतरीच काय!" बाबांनी कात्री ओढून स्वतःचं नख कर्रकन उडवलं. व्यापाऱ्याने परत घेतली. परत वाकलं.

आम्ही पोरं चकित. आमच्या हातात तर ती झकास चालायची! बाबा डावरे. पाती त्यांनी आपल्या हाताला बसतील तशी घासलेली, आणि त्यांच्याच कात्र्या वापरून आम्हीही कात्री दिसली की डावा हात पुढे करायचो. सगळं जग तसं करत नाही, हे बाबांच्या नि आम्हा पोरांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

व्यापारी उठला. बाबांचा चेहरा आत्ताच कारकुनासारखा दिसायला लागला.

दारातून आई व्यापाऱ्याला म्हणाली, "भाऊ, उजव्या हाताची नखं कशी कापता हो?"

"कशी म्हणजे? डाव्या हाताने. वेडीवाकडी."

"मग ही धरा की डाव्या हातात."

त्याने धरली. नख टचकन उडालं ते बाबांच्या चहात.

"अरेच्चा!" त्याने पाचही बोटं उरकली. "आणि डाव्या हातासाठी?"

"ती वेगळी. जोडीनेच मिळते."

बाबा आईकडे बघतच राहिले. अशी कात्री अजून जन्मालाच आली नव्हती.

पेटी गेली, वर जोडीची मागणी आली. मामाच्या खुर्चीवर मांजर बसायला लागलं. दुसरी कात्री बाबांनी बनवली खरी, पण ती त्यांना शेवटपर्यंत चालवता आली नाही. म्हणून तपासायला आई बसायची; ती उजव्या हाताने काम करणारी. चष्मा लावून कात्री उघडमीट करायची, बाबांकडे बघायची आणि म्हणायची, "नापास."

एवढी खूश ती लग्नाच्या फोटोतही दिसत नाही.