कडेचे आकडे

दोन डोळ्यांचा कॅमेरा माणसापेक्षा इमानी, असं फोटोवाला गिऱ्हाइकांना सांगायचा. वरचं भिंग बघतं, खालचं भिंग टिपतं, तोंड त्याला नाहीच, म्हणजे थापा मारायची सोय नाही. लोक हसायचे. एकतीस वर्षांपूर्वी त्याने हा विनोद करणं बंद केलं आणि तो कॅमेराही दुकानातल्या कपाटात, अगदी वरच्या फळीवर, पुठ्ठ्याच्या खोक्यांमागे ढकलून दिला.

तिथून तो बाहेर काढला ताईच्या नातीने. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. नात बाविशीची, नोकरी करून उरलेला वेळ जुन्यापान्या वस्तूंच्या मागे घालवणारी. घरात तिला सगळे उचापत म्हणायचे आणि ते नाव तिने स्वकष्टाने कमावलेलं होतं. ती दुकानात आली, स्टुलावर चढली, खोकी बाजूला केली आणि धूळ फुंकत म्हणाली, "मामाआजोबा, हा मला पाहिजे."

बिघडलाय, असं तो म्हणाला. तिने खटका ओढून दाबला. शटर टिक् करून बोललं, जणू कालच तेल घातलं होतं. बिघडलेलं कॅमेऱ्यात काही नव्हतंच. एकदा खोट्याची सवय लागली की माणूस मुक्या यंत्रावरही आळ घ्यायला कमी करत नाही.

देणं भाग पडलं. मग शिकवणंही आलं. त्याने सगळं मनापासून शिकवलं. कॅमेरा पोटाशी धरायचा, वरचं झाकण उघडून खाली मान घालून काचेत बघायचं. काचेवर सगळं उलट्या बाजूला दिसतं, समोरचा माणूस डावीकडे सरकला की काचेत तो उजवीकडे पळतो, तेव्हा गोंधळायचं नाही. रोलच्या कागदावरचा बाण आतल्या खुणेला जुळला की मगच पाठ बंद करायची. एका रोलवर बारा चौकोनी फोटो, तेरावा मागायचा नाही. जवळून चेहरा घ्यायचा तर ही जोडभिंगं, एक वरच्यासाठी, एक खालच्यासाठी, अदलाबदल केली की डोकं कापलं जाणार. उन्हासाठी ही कडी, ढगांसाठी ही पिवळी काच. पोरगी वहीत लिहून घेत होती.

टोपीबद्दल तो एक अक्षर बोलला नाही.

या कॅमेऱ्याची टोपी जोडीची असते. दोन झाकणं आणि मध्ये बिजागरी. वरचं काढलं की खालचं आपोआप निघतं. बनवणाऱ्याला माणसाची जात माहीत होती. पण या टोपीची बिजागरी तुटलेली होती आणि झाकणं सुटी झाली होती. वरचं काढून खालचं विसरलं, तरी काचेत चित्र झकास दिसतं, शटर वाजतं, फिल्म पुढे सरकते. आत मात्र मिट्ट काळोख. खालच्या टोपीकडे लक्ष ठेव, एवढे चार शब्द बोलायचे होते. जीभ रेटली नाही. कारण पोरीने लगेच विचारलं असतं, तुमचं कधी झालं होतं का असं?

झालं होतं.

तेव्हा दुकान दोघांचं होतं. फोटो काढायचा हा, आणि आतल्या अंधाऱ्या खोलीत रोल धुवायचे ते दाजी, ताईचे यजमान. दाजींचा हात असा, की दुसऱ्यांनी वाया घालवलेले रोलही लोक त्यांच्याकडे घेऊन यायचे. बिजागरी तुटली त्या दिवशीच दाजींनी त्याला बजावलं होतं की नवी बसवून घे, नाहीतर एक दिवस रडशील. हा म्हणाला, दाजी, मी काय काल जन्मलो?

पुढच्याच महिन्यात आईने अंथरूण धरलं. ताईने धरणंच धरलं की आईचा नीट एक फोटो पाहिजे, घरात एकही धड नाही. फोटोवाल्याच्या घरात आईचा फोटो नाही, म्हणजे दिव्याखाली अंधार. आईला खिडकीपाशी खुर्चीत बसवलं. ताईने तिचे केस विंचरले. अर्धा तास म्हातारी ताठ बसली, धाप लागत होती तरी हसली. याने बारा फोटो काढले, प्रत्येक वेळी म्हणाला, वा. आईला पुन्हा आडवं केलं, आणि कॅमेरा बंद करायला म्हणून याने खिशातून टोपी काढली. वरचं झाकण हातात होतं. खालचं जागच्या जागी, भिंगावर.

सगळं घर समोर उभं होतं. ताईने डोळे पुसत विचारलं, कसे आले? तो म्हणाला, "झकास."

तिथेच बोलला असता तर काय झालं असतं? चार शिव्या, दुसरा रोल, आईला आणखी दहा मिनिटं त्रास. बस. पण नाक आड आलं. त्याने मनात ठरवलं, रविवारी येऊ आणि अजून थोडे काढू म्हणू. त्याने रोल खिशात घालायच्या आत ताईने तो हातातून घेतला आणि नवऱ्याला दिला, नीट धुवा म्हणून. आई शनिवारी गेली.

रोल दाजींनी धुतला तो त्यानंतर. खोलीबाहेर ताई, पाहुणे, हा, सगळे उभे. दाजी ओली फिल्म घेऊन बाहेर आले. ती पाण्यासारखी कोरी होती. दाजींनी ती उजेडाला धरली, कडेवरून नजर फिरवली, आणि याच्याकडे बघितलं. ते तोंड उघडणार, तेवढ्यात हाच बोलला.

"दाजी, आधी फिक्सर तर नाही ना ओतलंत?"

प्रश्न होता तो. नुसता प्रश्न. नीच माणसाची हुशारी अशीच असते, आरोपाला तो प्रश्नाचे कपडे घालतो. दोन औषधं, आधी चित्र उमटवायचं, मग फिक्सर. उलटं केलं की सगळं धुऊन जातं. एवढं ताईलाही ठाऊक होतं.

दाजींनी फिल्म खाली घेतली. म्हणाले, "असेल. चुकला असेल हात."

एवढ्या एका शब्दावर दाजींचा धंदा उठला. ताई वर्षभर त्यांच्याशी कामापुरतं बोलली. गिऱ्हाइकांत बोभाटा झाला, स्वतःच्या सासूचा रोल ज्याने घालवला त्याच्याकडे लग्नाचे रोल कोण देणार? दाजी अंधाऱ्या खोलीतून निघाले ते थेट एका काचेच्या दुकानात काचा कापायला लागले आणि तिथेच म्हातारे झाले. घरात एक म्हण तयार झाली. दाजींनी रेडिओला हात लावला, बरणीचं झाकण उघडायला घेतलं, की ताई म्हणायची, राहू द्या, तुमच्या हातात दिलं की कोरं. सगळे हसायचे. दाजीही हसायचे. आणि हा, ज्याने हसायचं नव्हतं, तोही हसायचा, कारण एकटाच हसला नाही तर लोक विचारतील.

नातीने महिन्याभरात आजीचा पहिला रोल काढला. खिडकीपाशी खुर्ची, आजी खुर्चीत. उचापतीने जाहीर केलं की रोल घरीच धुणार, न्हाणीघरात, आणि आजोबांबरोबर. ताईने आकाशपाताळ एक केलं. दाजी नको नको म्हणत राहिले. पण पोरीने औषधं आणली, रोल धुवायचा डबा आणला, दाराच्या फटीला टॉवेल लावला आणि म्हाताऱ्याला हाताला धरून आत नेलं. ताईने भावाला निरोप धाडला, तू ये बाबा, निदान एक जाणता माणूस तरी असू दे घरात.

म्हणून तो जाणता माणूस रविवारी दुपारी न्हाणीघराबाहेर ताईसमोर बसून चहा पीत होता. कॅमेरा टेबलावर होता. त्याने तिकडे बघायचं टाळलं. आतून पाण्याचा आवाज येत होता, आणि दाजींचा आवाज, हळू, मोजून, डबा असा उलटा कर, आता थांब, आता पुन्हा. तो आवाज त्याने एकतीस वर्षांत ऐकला नव्हता. कामात असलेल्या माणसाचा आवाज होता तो. ताईही ऐकत होती, पण तिला तो ऐकू येत नव्हता. ती आईच्या खुर्चीबद्दल बोलत होती. त्या दिवशी आई हसली होती ना रे, ती म्हणाली, तुला काचेत दिसलं असेल. मला आता तो चेहरा नीट आठवतसुद्धा नाही.

त्याला दिसलं होतं. जगात फक्त त्यालाच, काचेवर, उलट्या बाजूने. त्याने कप खाली ठेवला.

दार उघडलं. नात फिल्म घेऊन बाहेर आली, मागे दाजी, बाह्या कोपरापर्यंत वर केलेल्या. फिल्म कोरी होती. आरपार कोरी.

ताईने कपाळाला हात लावला नाही की आवाज चढवला नाही. तिने नवऱ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "झालं. यांच्या हातात दिलं की कोरं."

दाजींनी मान खाली घातली. पंच्याहत्तरीला आलेला माणूस, आणि शाळेतल्या पोरासारखी मान खाली.

नात मात्र फिल्म खिडकीपाशी धरून डोळे बारीक करत होती. "काहीतरीच काय, आजी. कडेचे आकडे बघ की. एक, दोन, तीन, बारापर्यंत काळे स्पष्ट उमटलेत. ते कारखान्यातच छापून येतात आणि औषध बरोबर पडलं तरच उमटतात. आजोबांचं काम चोख आहे. उजेडच आत गेला नाही." ती टेबलापाशी गेली, कॅमेरा उचलला, आणि खो खो हसत सुटली. खालचं झाकण भिंगावर होतं. "मीच गाढव. बारा फोटो टोपीचे काढले. आजी, तू उगाच नटलीस."

बास. इतकंच होतं ते. अर्ध्या मिनिटात बोलून, हसून पोरगी मोकळी झाली. तिला कुणी फासावर दिलं नाही. छप्पर कोसळलं नाही. फोटोवाला बघत राहिला. जो डोंगर त्याने एकतीस वर्षं दुसऱ्याच्या पाठीवर लादला होता, तो पोरीने चप्पल काढून ठेवावी तसा बाजूला ठेवला होता.

ताईने फिल्म हातात घेतली. तिला चष्मा लागत नव्हता असं नाही, पण तिने तो मागितला नाही. बोटाने कड चाचपत राहिली. मग हळूच नवऱ्याला विचारलं, "आईच्या रोलवर होते का आकडे?"

दाजी टॉवेलला हात पुसायला लागले. कोरडे झाले तरी पुसत राहिले. एवढ्या वर्षांचं कुणाला आठवतंय, ते म्हणाले, फिक्सरच आधी पडलं असणार. भावाकडे त्यांनी बघितलंही नाही. वाट मोकळी करून दिली होती. पुन्हा एकदा. नुसतं गप्प बसायचं होतं, आणि त्या कामात फोटोवाल्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

"होते," तो म्हणाला.

ताईने वर बघितलं.

"होते आकडे. बाराच्या बारा. टोपी मी काढली नव्हती. फोटो काढून झाल्यावर तिथेच कळलं होतं मला." आवाज त्याचा नव्हता, पण थांबतही नव्हता. "दाजींनी बाहेर येताक्षणी बघितलं. त्यांना बोलू दिलं नाही मी."

नातीचं हसू मावळलं. तिला अर्धंच कळलं होतं, पण तेवढं पुरेसं होतं. ताईला रडू येईल, ती मारेल, काहीतरी करेल म्हणून तो उभा राहिला. तिने त्याच्याकडे बघितलंच नाही. नवऱ्याकडे बघून म्हणाली, "आणि मी रोज. रोज बोलत होते. पाहुण्यांसमोर." मग भावाला, दाराकडे बोट करून, "तू जा आता."

तो जिन्यात आला. मागोमाग दाजी आले, हातात टोपीची दोन झाकणं. त्यांना बघून याचा बांध फुटला. दाजी, तुम्ही देवमाणूस, माझ्यासाठी एवढं सोसलंत, असलं काहीतरी तो बडबडू लागला.

"तुझ्यासाठी?" दाजींनी त्याला तिथेच तोडलं. "तिची आई गेली होती. त्याच आठवड्यात भाऊही घालवू का तिचा? म्हणून गप्प बसलो. म्हटलं, महिन्याभरात हा स्वतः बोलेल. वर्षभर वाट बघितली. पुढे बोललो असतो तरी कुणी खरं मानलं असतं?"

"दाजी, मला माफ..."

"ते नको मला. त्या खोलीत मला मजा यायची, कळलं का? लाल दिव्याखाली कागदावर कुणाचं तरी तोंड हळूहळू वर यायचं. एकतीस वर्षं मी काचा कापल्या. माफीचं काय करू, काचेत बसवू?"

दाजींनी दोन्ही झाकणं त्याच्या तळहातावर ठेवली.

"बिजागरी बसवून आण. पोरीचा कॅमेरा आहे."

आणि ते वर गेले.

तो दोन पायऱ्या उतरून थांबला. दार अर्धवट उघडं होतं. आत नात विचारत होती की दुसरा रोल भरू का, आणि आजी तयार आहे का. ताईचा आवाज बसलेला होता, पण शब्द स्वच्छ ऐकू आले. ती म्हणाली, भर. खिडकीपाशी दोन खुर्च्या ठेव, एकीत हे बसतील. आणि धुवायला यांच्याकडेच द्यायचा, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही.

खुर्च्या सरकवल्याचा आवाज आला. त्याला कुणी हाक मारली नाही. मारतील असं त्याला वाटलंही नाही, तरी तो शटरचा आवाज येईपर्यंत तिथेच उभा राहिला, मुठीत दोन सुटी झाकणं घेऊन.