यंदासरांचं कपाट

मी एक जुनं कपाट आहे, मित्रांनो, आणि माझा जन्म शाळेच्या बाकांपासून झाला. खोटं वाटत असेल तर माझ्या आत डोकावून बघा. डाव्या फळीवर कुणीतरी कर्कटकाने बदाम कोरलाय आणि उजव्या फळीवर एका मास्तरांचं नाक. शाळेतले मोडके बाक फोडून सुताराने मला उभं केलं, त्यामुळे कपाट असूनही मी थोडाफार शिकलेला आहे. सातचा पाढा मला येतो. आठचा येत नाही, कारण त्या बाकावरचा मुलगा तिथेच नापास झाला. पावसाळी हवेत माझी दारं अडकतात तेव्हा लोक म्हणतात, लाकूड फुगलं. खरं तर तेव्हा मी मनातल्या मनात पाढे म्हणत असतो.

असो. थोडं वाढवून सांगायची मला खोड आहे. पण आज जे सांगायला बसलोय, त्यात वाढवायला कुठे जागाच सापडली नाही.

शाळेच्या मागे एक दुमजली इमारत होती. परदेशातून शिकवायला येणारी माणसं तिथे राहायची. वरच्या मजल्यावर कोपऱ्यातली खोली माझी. एक खाट, एक डुगडुगणारं टेबल, खिडकीखाली दिवसभर कण्हणारा हीटर आणि मी. सुताराने माझ्या दाराला आतून आरसा लावला, बिजागऱ्यांना तेल दिलं आणि पाठीवर थाप मारून म्हणाला, "आता तुझ्यात माणसं राहतील रे बाबा." मला ते शब्दशः खरं वाटलं. मी दारं उघडून वाट बघत बसलो.

माणसं आली. पण राहिली किती, ते विचारू नका!

पहिले आले ते विज्ञानाचे सर. त्यांनी खिडकीतून बाहेरचं धुकं बघितलं, हीटरला हात लावून बघितला आणि मावशींनी आणलेला चहा निवायच्या आत ते परत निघाले. बरं, चहाचं मी वाढवून सांगितलं. आठवडाभर होते. त्यांच्यानंतर भाषेच्या बाई आल्या. त्यांनी माझ्यात रंगवार साड्या लावल्या, खणांत कागद अंथरले, आरशाला टिकल्या चिकटवल्या आणि म्हणाल्या, "मी तर बाई इथेच म्हातारी होणार." थंडी पडायच्या आत बाई गेल्या. टिकल्या राहिल्या. मग आले पीटीचे मास्तर. माझ्या दांडीला लोंबकळून ते व्यायाम करायचे. वर्षाचा करार त्यांनी पुरा केला आणि माझी दांडी जी वाकली ती आजतागायत वाकलेलीच आहे.

या येण्याजाण्यावर इमारतीत पैज लागायची. खाली दारावर बसणारे चौकीदार मामा आणि खोल्या झाडणाऱ्या मावशी. नवा शिक्षक आला की दोघं काहीतरी निमित्त काढून वर यायचे आणि बघून जायचे, की त्याने बॅग कुठे ठेवलीय.

"कपडे कपाटात लावलेत. टिकणार बघा हा," मावशी म्हणायच्या.

"छट्! लावणारेच आधी पळतात. मन रमवायला लावतात ते. लागली एका चहाची?"

"लागली. आणि मागचा चहा बाकी आहे तुमच्याकडं, विसरू नका."

अशात एके दिवशी तो आला. गणिताचा शिक्षक. अंगाने किरकोळ, उंचीने बेताचा. माझ्या वरच्या खणापर्यंत त्याचा हात पोचायचा नाही. त्याने बॅग खाटेखाली सरकवली, त्यातून एक शर्ट काढला, संध्याकाळी धुतला आणि वाळल्यावर घडी घालून परत बॅगेत ठेवला. मी दारं थोडी किलकिली करून दाखवली. त्याने ती लावून टाकली.

"हा आठवडाभरात जाणार," मावशी म्हणाल्या.

या वेळी मामांनीही पैज घेतली नाही. पैज लावण्यासारखं काही होतंच कुठे?

आणि मित्रांनो, तोच राहिला. बाकीच्या खोल्यांत माणसं आली आणि गेली, शाळेचा रंग बदलला, मामांचे केस पिकले, पण हा तिथेच. आणि इतकी वर्षं त्याचे कपडे त्या बॅगेतच. कारण दर वर्षी तो म्हणायचा, "यंदा शेवटचं. यंदाची बॅच पार पडली की निघालोच." मामांनी त्याचं नावच पाडलं, यंदासर. पुढे मुलंही तेच म्हणू लागली, आणि तो ओही देऊ लागला.

घरी त्याची बायको होती आणि एक मुलगी. आला तेव्हा मुलगी जेमतेम चालायला लागली होती. दोन वर्षांनी तो एकदाच सुट्टीवर घरी जाऊन आला. परत आला तेव्हा मावशींनी केर काढता काढता विचारलं, "काय म्हणते लेक?"

तो बॅगेशी खुडबुड करत होता. "चांगली आहे. दारात उभी होती. मला बघून आत पळाली आणि आईला म्हणाली, आई, एक काका आलेत."

मावशी हसल्या. "लहान आहे ओ. पोरं म्हणतातच असं."

"हो ना," तो म्हणाला. "निघेपर्यंत काकाच म्हणत होती."

त्यानंतर तो घरी गेला नाही. जायचं ठरायचं, दर वर्षी ठरायचं. पण तिसरीचा वर्ग चौथीत जायचा, आणि सरांना वाटायचं, अपूर्णांक तेवढे पक्के करून द्यावेत. मग दहावीची मुलं रडायची. मग मुख्याध्यापक खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, "तुमच्याशिवाय कोण आहे हो आम्हाला?" या एका वाक्यावर माणूस वर्षभर जगू शकतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय. डोळे नाहीत मला, पण बघितलंय.

जायचं ठरलं की मात्र तो बाजारात जाऊन मुलीसाठी एक फ्रॉक घेऊन यायचा. बॅगेत चुरगळेल म्हणून तो फ्रॉक माझ्यात टांगायचा. बस्स, तेवढंच काय ते माझं काम! पहिला पिवळा, झालरीचा. दुसऱ्या वर्षी निळा. मग खिशांवर बदकं असलेला. त्याच्या शर्टाची वाट बघत मी उभा, आणि माझ्या वाकड्या दांडीवर एक मुलगी वर्षावर्षाने मोठी होत होती.

"अहो, पोस्टाने तरी टाका," मावशी म्हणायच्या.

"नको नको. मी स्वतः घेऊन जाणार ना. यंदाच."

"पण माप कसं कळतं तुम्हाला?"

यावर तो खुलायचा. "त्यात काय! माझ्या वर्गात तिच्याच वयाच्या मुली आहेत की. एकीला फळ्यापाशी बोलावतो, खांदा कुठे येतो ते बघून ठेवतो. हिशोब आहे साधा."

मावशींनी बदकांचा फ्रॉक स्वतःसमोर धरून बघितला. "सर, तुम्ही एवढेसे, आणि पोरगी एवढी उंच?"

खालून मामा ओरडले, "आईवर गेली असेल!"

सगळे हसले. मीही हसलो, बिजागरी करकरली. माझ्या दाराच्या आत त्याने मुलीचा फोटो चिकटवला होता. पण फोटोत ती आईच्या मांडीवर बसलेली. बसलेल्या माणसाची उंची कळत नाही, मित्रांनो.

एका वर्षी त्याने फ्रॉक न आणता लाल लोकरीचा कोट आणला. मोठी बटणं, आत अस्तर, टोपीसुद्धा. मुलगी तेव्हा तेरा वर्षांची असावी. म्हणाला, "हिला इकडेच बोलावू म्हणतो सुट्टीत. थंडी सोसायची नाही तिला." बोलावणं झालं नाही. कोट राहिला. मग फ्रॉकही बंद झाले, कारण त्याच्या म्हणण्याप्रमाणे एवढ्या मोठ्या मुलीला काय आवडतं ते फळ्यापाशी उभं करून कळत नाही.

आणि मग परीक्षा जवळ आल्या असताना एकदा फोन आला. पलीकडचं बोलणं मला ऐकू येत नव्हतं, पण लाकडाला शब्द लागत नाहीत. तो मला टेकून उभा होता आणि त्याची पाठ माझ्या दारावर थरथरत होती. त्याची बायको गेली होती. त्याने फोन ठेवला, तोंड धुतलं, खडूची पेटी उचलली आणि वर्गावर गेला. मामा म्हणाले, त्या दिवशी त्याने त्रिकोण इतका सुंदर शिकवला की मागच्या बाकावरच्या पोरांनाही समजला. मला मामांचा राग आला. पण मामा तरी दुसरं काय सांगणार होते?

महिन्याभराने, रविवारी दुपारी, मामा धापा टाकत वर आले. "सर! खाली कोण आलंय बघा!" मागे एक तरुण मुलगी उभी होती. बारीक चणीची, अंगावर पातळ सुती ओढणी, दात थंडीने वाजत होते. ती दारातच थांबली. तो खाटेवरून उठला आणि दोन पावलं येऊन अडकला. हीटर तेवढा कण्हत होता.

"काका म्हणू की बाबा?" तिने विचारलं.

"बस ना," तो म्हणाला. "चहा घेशील?"

"चहाला नाही आले मी. आई गेली तेव्हा तुम्ही आला नाहीत, म्हणून बघायला आले. म्हटलं, असं आहे तरी काय तिथे." तिने खोलीभर नजर फिरवली. खाट, टेबल, खाटेखालची बॅग. "हे?"

काय करावं ते त्याला सुचेना, म्हणून त्याने माझी दोन्ही दारं उघडली. धडाधड, एका दमात. इतक्या वर्षांत माझी दारं कुणी असं उघडली नव्हती. "हे बघ. सगळं तुझं आहे. दर वर्षीचं. एकही वर्ष चुकवलं नाही. म्हणजे शेवटची थोडी... पण बघ तरी."

ती पुढे आली. पिवळा फ्रॉक तिने हातात घेतला, मग निळा, मग बदकांचा. एकेक करत स्वतःला लावून बघू लागली.

"हा कितवीतला?"

"तू चौथीत होतीस तेव्हाचा."

"चौथीत मी यात दोनदा मावले असते. कुणाच्या मापाने घेतलात?"

"वर्गातल्या मुलींच्या. तुझ्याच वयाच्या होत्या गं, नीट बघून..."

"इकडची मुलं उंच असतात, बाबा. येताना रस्त्यात बघितली मी. पोरं माझ्या डोक्यावरून बोलत होती." ती हसली, पण ते हसणं मला आवडलं नाही. "म्हणजे दर वर्षी माझ्या वयाची एक मुलगी तुम्ही रोज बघत होतात."

हिशोब चुकला तर काय करायचं, हे तो सगळ्यांना शिकवायचा. आता मात्र तो नुसता उभा होता.

"एकच विचारायचंय," ती म्हणाली. "घराची किल्ली माझ्याकडे आहे. घर ठेवायचं की बंद करून टाकायचं? तुम्ही येणार असाल तर मी ठेवते. आत्ता, माझ्याबरोबर येणार असाल तर."

मित्रांनो, मला राहवेना. मी मनात म्हणालो, बॅग भरलेलीच आहे रे माणसा! इतकी वर्षं भरलेली आहे! ओढ खाटेखालून आणि चालायला लाग!

तो खाली वाकला. बॅगेच्या मुठीला त्याने हात घातला. मग तसाच वाकून राहिला.

"यंदाची बॅच..." तो म्हणाला. "परीक्षा झाल्या की..."

"बरं," ती म्हणाली.

ती दाराकडे वळली आणि थंडीने पुन्हा कुडकुडली. तो घाईघाईने पुढे आला आणि लाल कोट काढून त्याने तिच्यापुढे धरला. तिला तो घ्यायचा नव्हता, ते दिसत होतं. पण खिडकीबाहेर धुकं होतं. तिने कोट चढवला आणि बटणं लावली. खांदे बरोबर, बाह्या बरोबर. तेरा वर्षांच्या मुलीसाठी घेतलेला कोट बावीस वर्षांच्या लेकीला अगदी बेतून शिवल्यासारखा बसला.

"बसला की गं," तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली. "आत्ता बसला."

जिन्यावर तिची पावलं वाजली. मामा खाली काहीतरी बोलले, ती थांबली नाही. तो खिडकीशी उभा राहिला. लाल रंग धुक्यात लांबपर्यंत दिसतो.

मग तो वळला, त्याने खाटेखालची बॅग ओढली आणि उघडली. एकेक शर्ट काढून तो माझ्यात लावू लागला. पँटी, मफलर, बनियनच्या घड्या, सगळं. रिकामी बॅग स्टुलावर चढून माझ्या डोक्यावर ठेवली. ज्या दिवसाची मी पहिल्यापासून वाट बघत होतो तो हाच, आणि मला तो नको होता. शर्टांतून साबणाचा आणि बंद बॅगेचा वास येत होता. ते फ्रॉकांना खेटून लटकत राहिले. त्या बापलेकीचं एका छपराखाली राहणं झालं ते एवढंच.

दुसऱ्या दिवशी मावशींनी ते बघितलं. मामांना जाऊन म्हणाल्या, "यंदासरांनी कपडे लावले." पैजेचं नाव दोघांपैकी कुणीच काढलं नाही.

त्यानंतर यंदा जातो असं तो कधी म्हणाला नाही. पुढच्या एका हिवाळ्यात शाळेच्या जिन्यावर दम खायला बसला तो उठला नाही. मुलांनी रडून घेतलं, शाळेने फोटो लावला, आणि पंधरवड्यात त्या खोलीत नवे शिक्षक आले. त्यांनी भिंतीतलं कपाट करून घेतलं. मला चौघांनी उचलून जिन्याखाली ठेवलं. आता माझ्यात झाडू, फिनेल आणि फुटके डस्टर असतात. एक बिजागरी तुटली आहे. सातचा पाढाही मी विसरत चाललोय.

मित्रांनो, मला पॉलिश करा, तेल द्या, असं मी म्हणणार नाही. तुमच्या घरचं कुणी लांब राहत असेल तर फोटोवरून त्याची उंची ठरवू नका. दुसऱ्याच्या लेकराशेजारी उभं करून आपल्या लेकराचं माप घेऊ नका. जवळ जा, पाठीला पाठ लावून उभे राहा आणि हाताने बघा. आणि कुणी लांब राहायला गेलाच, तर राहायचं की परतायचं ते त्याला वेळेवर ठरवू द्या. तुमच्याशिवाय आम्हाला कोण आहे, असं म्हणून त्याला अडवू नका. त्याच्याशिवायही कुणीतरी असतं, दारात उभं.

लाल कोटाचा हँगर अजून माझ्या दांडीवर आहे. झाडू घ्यायला मावशी दार उघडतात तेव्हा तो हलतो. आता तुम्ही मला ओळखता. इथे काहीतरी रचून सांगायचा मोह मला आवरत नाही. पण नाही सांगत. जिन्याखाली वारा येतो, त्याने हलतो.