दोन तळांची टोपली

हसू नका मित्रांनो, पण मी एक जुनी बांबूची टोपली आहे आणि मी चक्क हेरगिरी केली आहे! दिसायला मी अगदी साधी. काठ एका बाजूने उसवलेला, रंग उडालेला, अंगाला कांद्याचा वास. पण माझ्यासारखी दुसरी टोपली साऱ्या नाशकात शोधून सापडणार नाही, कारण मला दोन तळ आहेत. हे गुपित मी तुम्हाला सांगू शकते. गप्प राहण्याची शपथ माझ्या मालकिणीने घेतली होती, मी नाही.

माझा बांबू सुरगाण्याच्या डोंगरातला. भिका नावाच्या कारागिराने मला विणलं, तेव्हा एक तरुण बाई त्याच्यासमोर बसून होती. तळाखाली आणखी एक तळ विण, मधे थोडी जागा सोड, असं तिने सांगितलं. भिकाने तिच्याकडे पाहिलं, तंबाखू मळली आणि विचारलं मात्र काहीच नाही. "ओझं वाढेल हां, बाई," एवढंच म्हणाला. त्या बाईचं नाव चांगुणा. त्या दिवसापासून मी तिच्या डोक्यावर.

चांगुणाचा नवरा लवकर गेला होता. पदरात नवनाथ नावाचा लहान मुलगा होता. सरकारच्या गुप्त खात्याला अशी बाई हवी होती, जी कोणाच्याही दारात बसली तरी कोणी वळून पाहणार नाही. म्हणून चांगुणा बोहारीण झाली, जुन्या कपड्यांवर भांडी देणारी. बोहारणीला कोणी नाव विचारत नाही, पण तिच्यासमोर लोक सगळं बोलतात. आणि जे बोलत नाहीत ते त्यांचे कपडे सांगतात. माणूस म्हणतो त्याच गावचा आहे की त्याचा शिंपी भलत्याच गावचा आहे, हे चांगुणाला कॉलर उलटली की कळायचं. माझ्या वरच्या तळावर पातेली आणि वाट्या असायच्या. खालच्या तळात छोटासा कॅमेरा. एकदा एका मोठ्या साहेबांनी माझ्या काठावर बोटाने टकटक करून "कमाल आहे" असं म्हटलं होतं. माझ्या आयुष्यातली शाबासकी म्हणाल तर तेवढीच.

पण घरी सांगायची परवानगी नव्हती. नवनाथला आई बोहारीण आहे एवढंच ठाऊक. शाळेत मुलं त्याला "ए भांडीवाल्या" म्हणून चिडवायची. आधी तो रडत घरी यायचा. मग त्याने रडणं सोडलं, आणि आईबरोबर एका रस्त्याने चालणंही सोडलं. तो मित्रांबरोबर समोरून येताना दिसला की चांगुणाच दुसऱ्या गल्लीत वळायची. मी डोक्यावर असायचे ना, तिची मान वळताना मला आधी कळायचं.

नवनाथ शिकला, शिक्षक झाला. नोकरी लागली त्या दिवशी तो आईला म्हणाला, आता ही टोपली तुझ्या डोक्यावर दिसायला नको. चांगुणाचीही नोकरी संपत आली होती. मी माळ्यावर गेले. पुढे सूनबाई अंजलीने मला बंबात घालायला काढलं, तेव्हा चांगुणा म्हणाली, "राहू दे गं, कांदे कशात ठेवशील?" मग बरीच वर्षं मी लासलगावचे कांदे सांभाळत स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसले. कॅमेरा सांभाळणारी मी! वाईट वाटायचंच, मित्रांनो.

आणि गेल्या हिवाळ्यात मनीषा आली. सांगायला बचत गटाची बाई, खरी गुप्त खात्यातली तरुण अधिकारी. घरात दुसरं कोणी नाही हे पाहून तिने हळू आवाजात सांगितलं, की लष्कराच्या छावणीच्या बाजूला एका इमारतीत एक जोडपं भाड्याने राहतं. त्यातला पुरुष जवानाची वर्दी घालून छावणीत शिरतो आणि आतले फोटो परदेशात पाठवतो असा संशय आहे. पण धाड घातली आणि वर्दी हाती लागली नाही, तर तो आणि त्याच्यामागची माणसं सगळीच पसार होतील.

"आमच्याकडे हुशार मुली खूप आहेत, काकू," मनीषा म्हणाली. "पण घासाघीस कोणालाच जमत नाही."

"माझे गुडघे बघ आधी," चांगुणा म्हणाली. पण तिची नजर माझ्याकडे वळली होती. "आणि घरी काय सांगू?"

"घरी नाही सांगायचं. पहिल्यासारखंच."

चांगुणा गुडघ्यांवर हात टेकून उठली. तिने माझ्यातले कांदे परातीत ओतले.

गल्लीला सवय व्हावी म्हणून, घरातले बाहेर पडले की ती काही दिवस नुसतीच हाळी देत फिरली. मग एका सकाळी त्या जोडप्याच्या दारासमोर पायरीवर बसली. घरातल्या बाईचा माझ्यातल्या मोठ्या स्टीलच्या डब्यावर डोळा होता. तिने साड्या आणल्या, शर्ट आणले. चांगुणा एकेक कपडा उजेडात धरायची, भोकातून बोट बाहेर काढून दाखवायची आणि म्हणायची, "एवढ्यात नाय परवडत, ताई. अजून एक नग टाका."

मित्रांनो, हेच तिचं हत्यार होतं. डब्यासाठी माणूस पुन्हा पुन्हा कपाटाकडे जातो. आधी जुनं देतो, मग फाटकं, आणि शेवटी जे द्यायचं नसतं तेही. जवानाच्या घरातले लोक वर्दी कधी भांड्यावर घालत नाहीत. ज्यांना वर्दीची माया नाही, त्यांना ते नुसतं जाड कापड दिसतं.

पुरुष दारात मोबाईल घेऊन उभा होता. त्याचं लक्ष कपड्यांकडे नव्हतं, चांगुणाकडे होतं. आणि नेमका तेव्हाच फाटकातून इस्त्रीचा सदरा घातलेला नवनाथ आत आला. बरोबर त्याच्या शाळेतले योगेश सर. वरच्या मजल्यावर एका शिक्षकांची वास्तुशांत होती.

"आई?"

चांगुणाने माझा काठ इतका घट्ट आवळला, की बांबूचा काटा तिच्या तळहातात खोल शिरला. पुरुषाचा मोबाईल खाली आला. ओळख दिली असती तर शिक्षकाची आई इथे भांडी का विकते, हे त्या माणसाने लगेच ताडलं असतं. चांगुणाने मान वर केली आणि परक्याकडे पाहावं तसं आपल्या मुलाकडे पाहिलं.

"कोण आई, भाऊ? मला मूलबाळ नाय."

योगेश सरांनी विचारलं, "सर, ओळखीच्या आहेत का?"

"नाही," नवनाथ म्हणाला. "चुकलो." आणि तो जिना चढून गेला.

"माझ्यासारख्या लय फिरत्यात," असं त्या पुरुषाला सांगून चांगुणा हसली. इतकी पातेली वाहिली मी, पण त्या हसण्याएवढं जड काही वाहिलं नाही. मग ती बाईकडे वळली. "हां ताई, अजून एक नग."

पुरुष पुन्हा मोबाईलमध्ये शिरला. बाईने आतून कोपराला विरलेली, जाड, ठिपक्याठिपक्यांची वर्दी आणून टाकली. छातीवरची नावाची पट्टी उसवलेली, सुईच्या भोकांची रांग तेवढी उरलेली. चांगुणाने कोपरावर बोट फिरवलं, नाक मुरडलं आणि डबा देऊन टाकला.

दुपारपर्यंत वर्दी मनीषाच्या हातात होती. पुढच्या आठवड्यात तो माणूस साथीदारांसह पकडला गेला. 'गुप्त माहितीच्या आधारे' असं पेपरात छापून आलं. त्या तीन शब्दांत चांगुणा आणि मी दोघी मावलो.

पण मला सांगायचंय ते वर्दी मिळाली त्याच संध्याकाळचं. नवनाथ घरी आला आणि सदरा न बदलता तसाच आईसमोर बसला.

"माझी लाज राखायला तसं म्हणालीस ना?"

खरं एका वाक्यात सांगून झालं असतं. ते तिच्या ओठांपर्यंत आलेलं मी पाहिलं. पण तिने तळहात पुढे केला. "काटा रुतलाय रे. मला दिसत नाही."

त्याने सुई आणली, चष्मा लावला आणि तिच्या हातावर वाकला. काटा काढून त्याने सुई खाली ठेवली. मग म्हणाला, "तू नाही म्हणालीस तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, आई. वर जाऊन प्रसाद खाल्ला मी. गोड लागला."

चांगुणाने दुसरा हात त्याच्या डोक्यावर ठेवला. बाकी काहीच सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी उरलेली पातेली भांडी बाजारातल्या दुकानात परत द्यायची होती. चांगुणा मला उचलायला वाकली, तोच नवनाथने मला स्वतःच्या डोक्यावर घेतलं. इतक्या वर्षांत त्याचे हात मला पहिल्यांदा लागले. रविवार कारंजा चौकात योगेश सरांनी स्कूटर थांबवली.

"सर, हे काय?"

"ही माझी आई," नवनाथ म्हणाला. "कालचीच. याच टोपलीवर वाढवलंय तिने मला."

योगेश सर स्कूटरवरून उतरले आणि त्यांनी हात जोडले. नवनाथ बोलला ते सगळं खरं नव्हतं, घर पातेल्यांवर नाही तर खात्याच्या पगारावर चाललं होतं, हे तिथे आम्हा दोघींनाच ठाऊक होतं. चांगुणाने पदर सावरला आणि म्हणाली, "सरळ चाल रे, पातेली वाजतायत."

मित्रांनो, मला पुन्हा कांद्यात ठेवलं तरी चालेल. पण तुमच्या घरातही विचारल्यावर गप्प बसणारं कोणीतरी असेल. त्यांनी सांगितलं नाही म्हणजे त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही नाही, असं समजू नका. आत काय आहे ते कळायची वाट पाहू नका. आधी ओझ्याला हात लावा.