बमरोलीचा उस्ताद

भटूला कोणी उस्ताद म्हणत नसे. तो मान त्याने आपला आपणच घेतला होता. सत्त्याण्णव सालची गोष्ट. दिवसभर मागावर साडीचं कापड विणायचं आणि पाळी सुटली की बमरोलीच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये मारामारीच्या मशीनपुढे उभं राहायचं, हा त्याचा नेम. तिथे त्याला हरवणारा कोणी नव्हता. खरं तर त्या मशीनवर रोज खेळणारे तिघंच होते: तो आणि त्याच्याच कारखान्यातले गोपाल अन् हेमराज.

अशात चौकबाजारच्या एका मोठ्या पार्लरने शहरातल्या सगळ्या पार्लरांची स्पर्धा ठेवली. प्रत्येकाचे तीन खेळाडू.

"टाइमपास पुरे झाला," भटू म्हणाला. "आता स्पर्धेचा खेळ शिकायचा. मी शिकवतो."

"तू कधी खेळलास स्पर्धेत?" हेमराजने विचारलं.

"शिकवणाऱ्याला खेळावं लागत नाही."

मग शिकवणी सुरू झाली. डावीकडे जायचं तर पाय रोवून, दोन्ही हातांनी मशीनची दांडी ओढायची. लाथ मारायची तर बटणावर गुद्दा हाणायचा. दोघांनी निमूटपणे घोटून घेतलं. आपलं मशीन म्हातारं आहे, म्हणून त्याला एवढा जोर लागतो, हे उस्तादांच्या ध्यानातच आलं नाही.

स्पर्धेच्या दिवशी चौकबाजारात ही गर्दी! गोपालचा चेहरा उतरला. "भाऊ, माले भ्याव वाटस."

भीती भटूलाही वाटत होती, पण उस्तादाने तसं म्हणायचं कसं? "मी पहिला जातो," तो म्हणाला. "बघा आणि शिका."

त्याने पाय रोवले, दांडी धरली आणि जीव खाऊन ओढली. मशीन कोरं करकरीत. बोट लावलं तरी दांडी हलायची. भटूचा पहिलवान सुसाट डाव्या कोपऱ्यात जाऊन भिंतीला चिकटला आणि तिथेच मार खात राहिला. घाबरून भटूने बटणावर असा गुद्दा हाणला की पार्लरचे मालक धावत आले.

"अरे भाई, मशीन तोडवानुं नथी, रमवानुं छे!"

मशीन तोडायचं नसतं, खेळायचं असतं, हे ऐकून सगळी गर्दी हसली. धरणी पोटात घेईल तर बरं, असं भटूला झालं. मागे वळून बघतो तर गोपालही पोट धरून हसतोय. ते बघून भटूलाच खदकन हसू फुटलं.

"जा आता," तो गोपालला म्हणाला. "मी शिकवलेलं सगळं विसर. मी बाजूला नसताना खेळतोस ना, तसा खेळ. माझ्याहून वाईट तर तू हरूच शकत नाहीस."

भीती हसण्यातच गेली होती. गोपाल सुरेख खेळला आणि जिंकला. हेमराज थोडक्यात हरला, त्यामुळे बमरोलीचा संघ बाद झाला. पण मालकांनी गोपालला दर रविवारच्या एकेकट्याच्या सामन्यांत खेळायला बोलावलं.

पुढच्या रविवारी भटू त्याच्यासोबत गेला. गोपाल जिंकला तेव्हा सगळ्यात मोठ्याने तोच ओरडला.

"सरस रम्यो! कोच कोण छे एनो?" मालकांनी विचारलं.

भटूचा हात सवयीने वर गेला. अर्ध्यावर त्याला काहीतरी आठवलं आणि त्याने त्याच हाताने डोकं खाजवलं.