सवतीचा टाक

नखाएवढा चांदीचा टाक – त्यावर ना धड नाक, ना डोळे, नुसती साडीतली एक बाई ठोकून काढलेली – एसटी खड्ड्यात गेली की मयूरीच्या छातीवर टकटक करत होता, आत कोणी आहे का म्हणून. आहे बाई, आहे... मीच आहे!

ती शंभूराजची दुसरी बायको. पहिली, अंकिता, चार वर्षांपूर्वी तापानं गेली. तिच्या नावाचा टाक दुसरीनं गळ्यात घालायचा, तिच्या साताऱ्याच्या आईला, रंगुबाईंना, आई म्हणायचं, अशी घरची रीत. आणि उद्या सांगलीच्या कॉलेजात मयूरीनं शिकवायचं काय, तर समरूपता! मांडीवरच्या वहीत लिहिलं होतं : ग्रीक आयसॉस म्हणजे समान, मॉर्फी म्हणजे रूप. दोनशे वर्षांपूर्वी एका जर्मन रसायनज्ञानं फॉस्फेट आणि आर्सेनेटचे स्फटिक शेजारी ठेवले – एक आपल्या हाडांतलं, दुसरं विष – तर दोघांचा घाट एकच. एका अणूच्या जागी दुसरा बसला तरी स्फटिक मोडत नाही... हो, पण अणूला विचारतो कोण?

सासूबाईंना भाकरी थापणारा हात अंकिताचा दिसे, शिंक अंकिताची ऐकू येई. म्हैससुद्धा फसली म्हणे, पहिल्याच दिवशी शेरभर दूध जास्त! आणि सकाळी कुपवाडच्या कारखान्यातून शंभूराजचा फोन : "तिथं 'आई' म्हण हं, काकू नको."

आज साताऱ्याला जाऊन टाक काढून अंकिताच्या त्या माउलीच्या हातात ठेवायचा. मी ती नाही – कराडपासून मयूरी हेच एक वाक्य घोकत होती.

"आलीस व्हय?" रंगुबाईंनी दारातच मयूरीच्या गळ्यातला टाक चिमटीत धरला. "ही कोण भवानी? माजी अंकी अशी न्हवती. सोनार मेला समद्या मेलेल्या बाया एकाच ठशात काढतोय!" आणि पदराआडून स्वतःचा टाक ओढला. "ह्यो माज्या सवतीचा. एकेचाळीस वर्सं झाली."

दोन्ही बाया हुबेहूब. मयूरी घोकलेलं वाक्य विसरली. म्हणजे आपण बसलो ती जागा अंकिताची नव्हेच, ह्या म्हातारीची, दुसरीची... आता हे कुणावर ओरडायचं?

"काढावासा नाही वाटला?" मयूरीनं विचारलं.

"वाटायचा की, रोज. एकदा डब्यात ठिवला बी. रोज तिच्याशीच भांडायची म्या, तर दिसभर भांडायला कोन न्हाई! मालक निस्तं हूं म्हनायचे. सांजच्याला घातला परत." त्या उठल्या. "बस, चा ठिवते."

मयूरी बसली. सांगलीहून आणलेला राग तिनं चाचपून पाहिला. होता, पण त्याला आता धार नव्हती. अंकिताचे हात, तिची भाकरी, तिची शिंक – सगळं चार-चारदा ऐकवलं होतं लोकांनी. पण ती वैतागायची कशावर, कुणाला काय फाडकन बोलायची, हे कुणीच सांगितलं नव्हतं. आणि मी तरी... मी तरी कधी विचारलं?